गोदेच्या काठानं, पाखरांच्या मागं

टीव्हीवर केनियाचा कार्यक्रम लागला होता. मसाई मारा ते नाकुरू सरोवर असा जीपचा लांबलचक प्रवास आणि शेवटी पाण्यात उभे हजारो रोहित पक्षी. आमच्या लेकीनं विचारलं, "आपण कधी जायचं?" शिक्षकाच्या पगारात आफ्रिका बसत नाही. पण आम्ही त्र्यंबकेश्वरचे. गोदावरी आमच्याच दारातून निघते. म्हटलं, तिचाच रस्ता धरू.

नाताळच्या सुट्टीत फज्र पढून निघालो. सोबत अब्बा, अम्मीनं बांधून दिलेला रोटी-खिमा आणि एक जुनी दुर्बीण.

पहिला थांबा अंजनेरी. इथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की तिच्यावर स्वार होऊन ती उडतात. बऱ्याच वेळानं एक दिसलं, मग आणखी तीन.

"इतकीच?" लेक म्हणाली.

आम्ही तिला सांगितलं, पूर्वी ती पुष्कळ होती. 1990 नंतर देशभरातली शंभरातली नव्वदहून अधिक गिधाडं संपली. कारण 2004 साली कळलं : डायक्लोफिनॅक. हे दुखण्यावरचं औषध दिलेलं जनावर लगेच मेलं, तर औषध मांसात राहतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. अब्बा काहीच बोलले नाहीत.

नाशिक ओलांडून निफाडमार्गे, द्राक्षबागांमधून नांदूर मध्यमेश्वरला पोचलो. इथं गोदावरी आणि कादवा मिळतात. इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागं गाळ साचला, उथळ दलदल तयार झाली आणि पाखरांना घर मिळालं. 2020 मध्ये जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चमचे, चांदवे दिसले. नारिंगी चक्रवाक दिसला, तेव्हा लेकीला सांगितलं, "उर्दूत हाच सुरखाब." ती हसली, "म्हणजे ज्याचे पर लोकांना लागतात तो?"

जेवायला बसलो, तेव्हा अब्बा बोलले. "आपला ढवळ्या बैल लंगडायला लागला तेव्हा सुई टोचून घेतली होती. दोन दिवसांत गेला. आम्ही त्याला गावाबाहेर ओढून टाकला. गिधाडं उतरली होती." थोडं थांबून म्हणाले, "सुई कसली, ते विचारलंच नाही."

कोणती सुई होती, हे आता कळणार नाही. आम्ही त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईच्या बोहरी घरातल्या या मुलानं बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कुठली, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढचा सगळा जन्म त्यानं पाखरांना दिला.

अब्बांनी ऐकून घेतलं. परतताना मात्र गोठा असलेल्या एका नातेवाइकाकडे गाडी थांबवायला लावली. म्हणाले, "जनावराला सुई देताना डॉक्टरांना औषधाचं नाव विचार. मेलॉक्सिकॅम चालतं, डायक्लोफिनॅक नको. आणि ढोर मेलं तर उघड्यावर टाकण्याआधी त्याला काय टोचलं होतं ते आठव."

वाचकहो, तुमच्या घरी गाय, म्हैस, बकरी असेल, तर एवढं तुम्हीही विचारा.