नावडतीचे मीठ अळणी

महाराष्ट्रात बंदीची मागणी करणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. ‘भावना दुखावल्या’ असे निवेदन दिले आणि त्यामागे शे-दोनशे माणसे उभी राहिली, की नाटकाचा प्रयोग रद्द होतो, पुस्तक दुकानातून उचलले जाते, मटणाच्या दुकानाचे शटर खाली येते. राज्यघटनेला हा सोपा मार्ग मान्य नाही. बोलण्या-लिहिण्यावर निर्बंध कशासाठी घालता येतील, याची यादीच अनुच्छेद १९(२) मध्ये आहे. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी ही ती कारणे. धंदा-व्यवसायावर निर्बंध घालायचे तर अनुच्छेद १९(६) नुसार सर्वसामान्य जनतेचे हित दाखवावे लागते. ‘काही लोकांना आवडत नाही’ हे कारण दोन्हीकडे नाही. नावडीला आत शिरायला एक फट मात्र आहे, ती ‘सभ्यता वा नीतिमत्ता’ या शब्दांची. घटना येण्यापूर्वी हेच काम फौजदारी कायद्यातल्या अश्लीलतेच्या कलमाने केले आणि आजही ते कलम कामी येते.

या कलमाचा मराठी समाजाला सर्वांत जवळून परिचय झाला तो र. धों. कर्वे यांच्यामुळे. विल्सन कॉलेजातल्या गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या कामापायी नोकरी गमावली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. मासिकावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली होती. बचावाला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिक ज्या विषयाला वाहिलेले आहे त्याच विषयावर वाचक प्रश्न विचारणार आणि संपादकाने त्यांना उत्तर द्यायचे नाही, हे कसे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे हरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. या प्रकरणात इजा झालेला माणूस कोणी दाखवू शकले नव्हते. मासिक वर्गणी भरून मागवावे लागे आणि ज्याला ते किळसवाणे वाटे, त्याला न मागवण्याची पूर्ण मुभा होती. पुढे १९५२ मध्ये केंद्र सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांचे निधन झाले त्याच्या पुढल्याच वर्षी. ज्या माहितीसाठी एका माणसाने दंड भरला, ती आता सरकार भिंती रंगवून सांगू लागले.

चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेची गोष्ट याच वळणाची आहे. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती छापून आली, पुण्यातल्या एका गृहस्थांना ती अश्लील वाटली आणि खटला उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. समाजाच्या अभिरुचीची मापे झपाट्याने बदलत आहेत, हे न्यायालयाने त्या निकालात नोंदवले. एका कथेतली तीच पाने तीन न्यायासनांनी वाचली आणि मधल्या वाचकाचे मत उरलेल्या दोघांहून वेगळे पडले. नावडीवर कायदा उभारला की असेच होणार.

अलीकडच्या काळातले सर्वांत मोठे उदाहरण डान्स बारचे. २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमे घालण्यात आली. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधले नृत्य बंद केले. दुसऱ्याने तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेले, क्लब, जिमखाने, नाट्यगृहे यांना सूट दिली. सरकारची बाजू पोकळ होती असे नाही. मुलींची फसवणूक, अल्पवयीनांचा वापर, गुन्हेगारांचा वावर, बारमध्ये पगार उधळून येणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांच्या तक्रारी, हे सारे खरे होते. पण या प्रत्येकासाठी कायदे आधीच पुस्तकात होते. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा, सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांना परवाने देण्याचे नियम १९६० चे. ते राबवणे कष्टाचे होते, बंदी मात्र एका दुरुस्तीत उरकली.

आणि सूट कोणाला मिळाली, ते पाहण्यासारखे आहे. तेच नृत्य पनवेलच्या बारमध्ये झाले तर समाज बिघडतो आणि कुलाब्याच्या पंचतारांकित हॉटेलात झाले तर बिघडत नाही, असा या दोन कलमांचा एकत्रित अर्थ. श्रीमंत गिऱ्हाइकाची नीतिमत्ता गरिबाहून भक्कम असते, हे सरकारने कशाच्या आधारे ठरवले? उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. सुमारे ७५ हजार महिलांचे काम गेल्याचा आकडा न्यायालयापुढे होता आणि त्यातल्या अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावे लागल्याचेही. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले, असा शेरा न्यायालयाने मारला. महिलांच्या प्रतिष्ठेसाठी केलेल्या कायद्याने महिलांनाच रस्त्यावर आणले.

सरकारने तरीही हट्ट सोडला नाही. २०१४ मध्ये सूट देणारे कलम काढून बंदी सरसकट करण्यात आली, तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली आणि २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्यात नाव बंदीचे नव्हते, अटी मात्र बंदीच्याच होत्या. शाळा किंवा प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटरच्या आत बार नको, ही त्यातली एक. मुंबईत कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले तर एक किलोमीटरच्या आत देऊळ, मशीद, चर्च किंवा बालवाडी सापडतेच. बारमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे होते, मद्य मिळते ती जागा आणि नाचाची जागा यांत भिंत हवी होती. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अटी रद्द केल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची मनाई मात्र ठेवली. २००५ पासून एकालाही परवाना मिळाला नाही, ही वस्तुस्थितीही त्या सुनावणीत पुढे आली. दरम्यान नाच थांबला होता का? ‘ऑर्केस्ट्रा बार’च्या पाट्या लागल्या आणि व्यवहार पडद्याआड गेला. तिथल्या महिलेला पोलिसांत तक्रार करण्याची सोयही मग उरली नाही.

डान्स बारच्या प्रकरणात निदान विधिमंडळ तरी मध्ये होते. झुंडीच्या नावडीला तेवढाही आडपडदा लागत नाही. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला एक मजकूर निराधार आणि निंद्य होता, अशी टीका इतिहासाच्या अभ्यासकांनीही केली. प्रकाशकांनी त्याच वर्षी भारतातून पुस्तक मागे घेतले. त्यानंतर, ५ जानेवारी २००४ रोजी, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. पुस्तक संस्थेने लिहिले नव्हते की छापले नव्हते. लेखकाला तिथे संशोधनासाठी मदत मिळाली होती, इतकाच संबंध. हल्ल्यानंतर सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दंगा होईल या भीतीने अभिव्यक्ती दाबता येत नाही, दंगा करणाऱ्यांना आवरणे हे सरकारचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात १९८९ मध्येच सांगून ठेवले होते. पंधरा वर्षांनी पुण्यात नेमके उलटे घडले.

ताटातल्या बंद्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. पर्युषण काळात अहमदाबादचे कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवला. थोड्या दिवसांचा संयम दुसऱ्या समाजाच्या आदरापोटी पाळता येईल, असा तो दृष्टिकोन होता. शेजारधर्म म्हणून तो कोणी पाळला तर उत्तमच. मात्र आदेशाने पाळायला लावलेल्या आदराला फार अर्थ नसतो. शिवाय दिवस थोडे असले, तरी खाटकाची त्या दिवसांची मजुरी जाते, ती कोणी भरून देत नाही. २०१५ मध्ये मुंबईत याच कारणाने मांसविक्री बंद झाली तेव्हा उच्च न्यायालयाने विचारले, मासे कसे चालतात? मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्याची कत्तल होत नाही, असे उत्तर सरकारतर्फे देण्यात आले. कोळीवाड्यात हा युक्तिवाद ऐकून हसावे की रडावे हे कळले नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. त्यात कोणाचा सण मोडत होता किंवा कोणाचे आरोग्य बिघडत होते, हे त्या आदेशाच्या समर्थकांनाही सांगता आले नाही.

याचा अर्थ कशावरच बंदी नको, असा नव्हे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले ते धुराचा वास कोणाला आवडत नाही म्हणून नव्हे, तर तो न ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात जातो म्हणून. घरी बिडी ओढायला आजही मनाई नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात. नाटक आवडत नसेल तर तिकीट न काढण्याची सोय असते, डीजेच्या भिंतीसमोर घर असलेल्या आजारी माणसाला मात्र कान बंद करता येत नाहीत. टाळता येण्यासारखे काय आणि न येण्यासारखे काय, हा भेद बंदीच्या प्रश्नात फार महत्त्वाचा आहे.

गावोगावच्या ‘आडव्या बाटली’कडेही याच नजरेने पाहावे लागते. गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर तिथले दारूचे दुकान बंद होते. वरवर पाहता ही बहुमताची नावडच. पण मत देणाऱ्या बाईने मार खाल्लेला असतो, घरखर्चाचे पैसे गुत्त्यावर गेलेले असतात. इजा तिच्या घरात आहे आणि ती मोजता येते. शिवाय या मतदानाने दुकान बंद होते, पिणारा गुन्हेगार ठरत नाही. बंदी कुठे थांबावी हे तिथे ठरलेले आहे.

काळजीपूर्वक लिहिलेल्या बंदीचा नमुना हवा असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर त्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. विवेकवाद्यांना न पटणाऱ्या गोष्टींची यादी लांब होती. कायद्याच्या अनुसूचीत मात्र नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक अशी बाराच कृत्ये आली. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. श्रद्धा न पटणाऱ्यांनी श्रद्धेवर बंदी मागितली नाही, इजेवर मागितली.

बंदी घालताना सरकारने कोणत्या व्यक्तीला कोणती इजा होते हे लेखी सांगावे, सौम्य उपाय का पुरेसा नाही हे सांगावे, आणि श्रीमंतांसाठी वेगळे दार ठेवू नये. २००५ चे डान्स बारबंदीचे विधेयक एकमताने मंजूर झाले होते आणि २०१४ ची दुरुस्ती तर चर्चेविनाच. कोणाचीही रोजी-रोटी बंद करणारे विधेयक यापुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावे आणि ज्यांचे काम जाणार आहे त्यांना समितीपुढे बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे.