पडीक जागेचा धनी कोण?

फिलाडेल्फियातील ‘मॅजिक गार्डन्स’ची छायाचित्रे पाहून आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनी विचारले, “दुसऱ्याच्या जागेत फुटक्या फरशा चिकटविणे ही कला की अतिक्रमण?” प्रश्न उर्मट असला तरी उत्तरास पात्र आहे.

साऊथ स्ट्रीटची ती वस्ती उजाड झाली, कारण तेथून द्रुतगती मार्ग नेण्याचे घाटत होते. मार्ग झालाच नाही. अवकळा तेवढी उरली. तेथे १९६८ मध्ये आयझाया झागर हे कलावंत पत्नी ज्युलियासह राहावयास आले. १९९४ पासून त्यांनी आपल्या कार्यशाळेलगतची पडीक जागा साफ केली, खोदून भुयारी वाटा केल्या, भिंती उभारल्या आणि फरशांचे तुकडे, बाटल्या, सायकलींची चाके व आरशांच्या काचा रंगीत सिमेंटात बसविल्या. आत शिरणारा माणूस चित्र पाहत नाही, चित्रातून चालतो.

मालक बॉस्टनचा. २००२ मध्ये त्याने जागा विकावयास काढली, काम उखडा म्हणाला. कागद त्याच्या बाजूने होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात खाजगी मालकी मान्य करतानाच, सृष्टीचे धन सर्वांसाठी आहे हेही बजाविले आहे. आमचे श्रद्धावंत पहिला भाग तोंडपाठ करतात! फिलाडेल्फियाच्या नागरिकांनी वर्गणी काढून ती जागा वाचविली. २००४ मध्ये संस्था स्थापन झाली, २००८ मध्ये दार सर्वांना उघडले. मग अतिक्रमण कोणाचे? श्रमाचे, की बेपर्वाईचे?

स्नेह्यांचाही चर्चच्या वाटेवर एक भूखंड आहे. त्याला काटेरी कुंपण आहे. आत सारा गाव कचरा टाकतो.