कुणाच्या होडीला अनुदान?



यंदाचा दिवाळी अंक आपल्या हाती देताना त्यातल्या 'किनारा' या विशेष विभागामागची भूमिका मांडायची आहे. नवरात्राच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०२५ रोजी, जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांविषयीचा करार अमलात आला. या वाटाघाटींना २००१ मध्ये दोहा इथे सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये जिनिव्हात कराराचा मसुदा मंजूर झाला आणि दोन तृतीयांश सदस्य देशांची संमती मिळायला आणखी तीन वर्षं गेली. बेकायदा मासेमारी करणाऱ्यांना, उपसून संपत आलेल्या मासळीच्या मागे लागणाऱ्यांना आणि ज्या खोल समुद्रावर कोणाचंच नियमन नाही तिथे जाळी टाकणाऱ्यांना सरकारी पैसा द्यायचा नाही, हे या कराराचं सार आहे.

हा पैसा थोडाथोडका नाही. मत्स्यव्यवसायाचे अर्थतज्ज्ञ रशीद सुमैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगभरातल्या सरकारांनी मासेमारीवर सुमारे ३५ अब्ज डॉलर अनुदान दिलं. त्यातले सुमारे २२ अब्ज डॉलर मासे पकडण्याची ताकद वाढवण्यात गेले. सर्वांत मोठा वाटा इंधनाचा होता आणि देणाऱ्यांत चीन, युरोपीय संघ, अमेरिका, दक्षिण कोरिया आणि जपान आघाडीवर होते. मासळी घटली की बोटीला दूर जावं लागतं, डिझेल जास्त जळतं आणि फेरी तोट्यात जाते. त्या तोट्यानेच काही बोटी नांगरून राहिल्या असत्या आणि समुद्राला उसंत मिळाली असती. सरकार तोटा भरून देतं, म्हणून बोट पुन्हा त्याच उरल्यासुरल्या मासळीमागे जाते. आज जगातले एक तृतीयांशाहून अधिक मासेसाठे क्षमतेपलीकडे उपसले जात आहेत.

करार मात्र अजून अर्धाच आहे. गरजेपेक्षा मोठे ताफे पोसणाऱ्या अनुदानांवर बंधन घालणारा उरलेला भाग २०२४ मध्ये संघटनेच्या अबुधाबीतल्या परिषदेत अडला. करार अमलात आल्यापासून चार वर्षांत त्यावर एकमत झालं नाही आणि सदस्यांनी वेगळा निर्णय घेतला नाही, तर आजचा करारही संपुष्टात येईल. अबुधाबीत हरकत घेणाऱ्यांत भारत होता. आपल्याकडे मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर मिळतात आणि काही देशांत हजारो डॉलर, हे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी २०२२ मध्येच जिनिव्हात सांगितलं होतं. ज्यांनी दूरदूरचे समुद्र उपसले त्यांनी आधी थांबावं, विकसनशील देशांना पंचवीस वर्षांची मुदत द्यावी, ही भारताची मागणी आहे. तिच्यातला न्यायाचा आग्रह आम्हाला पूर्णपणे मान्य आहे.

पण हाच आग्रह आपल्या किनाऱ्यावरही धरायला हवा. मालवणची रापण पाहा. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि गावातली बायामाणसं मिळून दोर ओढतात. जे बांगडे-तारली लागतील त्यांचे वाटे होतात. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ येण्याआधीच यांत्रिक नौकांनी पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याने घेरला, तर रापणीला उरतं काय? राज्यात पर्ससीनवर २०१६ पासून निर्बंध आहेत, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी अंधारात समुद्रावर उजळलेल्या बोटींची तक्रार दर हंगामात ऐकू येते. आणि डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो तो यांत्रिक नौकांना. जो जास्त डिझेल जाळतो त्याला जास्त परतावा, ही त्याची रीतच आहे. वल्ह्यावर चालणाऱ्या होडीच्या पदरात त्यातला एक रुपयाही पडत नाही.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. भारताने अजून या कराराला संमती दिलेली नाही, ती द्यावी. आत बसूनच उरलेल्या भागासाठी भांडावं आणि मोठ्या ताफ्यांच्या देशांना जाब विचारावा. त्याच वेळी घरचं अनुदान कमी न करता त्याची दिशा बदलावी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशाच्या आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या घरी चूल पेटेल एवढं साहाय्य, वेळेवर मिळणारा बर्फ, सुरक्षित जेट्टी, लहान होडीचा विमा आणि कायदा मोडणाऱ्या बोटी पकडायला पुरेशा गस्ती नौका, यांवर खर्च झालेला पैसा समुद्र ओरबाडत नाही. पापलेटला २०२३ मध्ये आपण राज्यमासा केलं. त्याची पिल्लं बाजारात विकली जात असतील तर त्या मानाला अर्थ राहत नाही.

'किनारा' विभागासाठी मच्छीमारांनी, सागरी शास्त्रज्ञांनी आणि व्यापारविषयक अभ्यासकांनी वेळ काढून लिहिलं. त्यांची मतं सर्वत्र जुळत नाहीत आणि आम्ही ती जुळवून घेतलेलीही नाहीत.  वाचकांनी हे लेख वाचून आपल्या आमदार-खासदारांना एवढंच विचारावं: मासेमारीसाठीचा रुपया आमच्या किनाऱ्यावर नेमका कुणाच्या हाती जातो?



— संपादक