'स्वस्त' देश

'नेपाळ स्वस्त आहे' हे वाक्य आपल्या हल्लीच्या प्रवासलेखनात हटकून येते. गेल्या दिवाळीत पाच दिवस काटकसरीने काठमांडू-भक्तपूर करून आल्यापासून त्यातले विशेषण मला खुपू लागले आहे. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात. वरच्या साठांत आपले कर्तृत्व ते काय? भक्तपूरच्या कुंभारवाड्यात एका म्हातारीने मडक्याची किंमत सांगितली. मी शहाजोगपणे विचारले, 'आयसी की एनसी?' (भारतीय रुपयाला तिथे आयसी म्हणतात.) 'एनसी' म्हणाली. तरीही दहा रुपये कमी करवून घेतलेच! जवळचे १७०२ सालचे न्यातपोल मंदिर २०१५ च्या भूकंपात टिकले. शहरातली कितीतरी घरे टिकली नाहीत, हे तेव्हाही ठाऊक होते.

जी वस्तू आपल्याला स्वस्त पडते, ती कोणाला तरी महाग पडलेली असते. प्रवासवर्णन शिकवताना हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. परतलो तेव्हा सोसायटीच्या फाटकावर नेहमीचा नेपाळी रखवालदार होता. सगळे त्याला 'बहादूर' म्हणतात. बारा वर्षांत प्रथमच खरे नाव विचारले. त्याने सांगितले, गाव दूर पश्चिमेकडले. काठमांडू मात्र त्याने अजून पाहिलेले नाही.