खोक्यावरचे आकडे आणि खोक्यातला कॅमेरा

‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ आणि किंमत अवघी काही हजार, अशा जाहिराती हल्ली मोबाइलच्या पडद्यावर वारंवार झळकतात. मोबाइल आल्यापासून खिशात मावणारा छोटा कॅमेरा जवळजवळ अस्तंगत झाला होता. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेची आकडेवारी पाहिली, तर २०१० साली असे दहा कोटींहून अधिक कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ साली ही संख्या वीस लाखांच्याही खाली आली. आता तरुण मुलामुलींना त्या छायाचित्रांची धाटणी पुन्हा आवडू लागली आहे. दुकानदारालाही वाटते, की मालाच्या छायाचित्रांसाठी घरातील कोणाचा तरी मोबाइल अडकवून ठेवण्यापेक्षा पेढीवर स्वतंत्र कॅमेरा असावा. गरज खरी आहे. आकडे मात्र पारखून घ्यावे लागतात.

चांदी घेताना कोणी नुसते वजन पाहून पैसे मोजत नाही, टंचही पाहिला जातो. कॅमेऱ्यात मेगापिक्सेल हे वजन, तर सेन्सर आणि लेन्स हा टंच होय. अल्बममधील ६ बाय ४ इंचांच्या उत्तम छपाईला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या पानाला सुमारे नऊ. त्यापुढील आकडा बहुतेक कुटुंबांच्या उपयोगी पडतच नाही. अतिस्वस्त कॅमेऱ्यांत तर तो बऱ्याचदा खराही नसतो. सेन्सरवर प्रत्यक्षात थोडेच बिंदू असतात. उरलेले आतली प्रणाली शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरते. वजन वाढवण्यासाठी मिसळलेली भेसळच ती.

टंचातील फरक कसा असतो, हे दोन कॅमेऱ्यांच्या तुलनेतून कळेल. कॅननचा इक्सस २८५ एचएस (२०१६) आणि सोनीचा आरएक्स१०० (२०१२) हे दोन्ही २०.२ मेगापिक्सेलचे. तरीही दुसऱ्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे चौपट आहे. त्याची लेन्सही अधिक प्रकाश आत घेते. मांडवातील संध्याकाळच्या दिव्यांत दोघांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर पहिल्यात चेहऱ्यावर रवाळपणा दिसेल, दुसऱ्यात पुष्कळ कमी. किंमतही अर्थातच त्या मानाने जास्त. मात्र पहिल्याचा झूम १२ पट, तर दुसऱ्याचा चारपटीहूनही कमी. थोडक्या पैशांत सर्व गुण एकत्र मिळत नाहीत.

झूमच्या बाबतीत एकच शब्द शोधावा: ‘ऑप्टिकल’. त्यात लेन्स खरोखर पुढेमागे सरकते. ‘डिजिटल’ झूम म्हणजे टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे, आणि तो खर्च न करताही घरच्या संगणकावर करता येतो. खोक्यावर ऑप्टिकल झूमचा उल्लेखच नसेल, तर ती वस्तू तिथेच ठेवून द्यावी. जवळची वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी ऑटोफोकसही हवा. स्वस्त कॅमेऱ्यात फोकस अनेकदा कायमचा एकाच अंतरावर ठरवलेला असतो. त्यातून अंगठीतील खड्यांची जडण किंवा पैठणीचा पदर नीट यायचा नाही.

मग छोटा कॅमेरा कोणी घ्यावा? घरात मध्यम किमतीचा, बऱ्यापैकी अलीकडचा मोबाइल असेल आणि केवळ मालाची छायाचित्रे हवी असतील, तर नवा कॅमेरा बहुधा अनावश्यक खर्च ठरतो. अंधुक प्रकाशात आजचे मोबाइल अनेक चित्रे जोडून जे साधतात, ते छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला जमत नाही. त्याऐवजी एक तिपाई आणि पांढऱ्या प्रकाशाचा चांगला दिवा घ्यावा. साडीचा रंग ग्राहकाला खरा दिसावा यासाठी खिडकीतील दिवसाचा उजेड तर फुकटच मिळतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून रंगमंचावरील मूल टिपायचे असेल किंवा यात्रेत उंच शिखरावरील कोरीवकाम जवळून पाहायचे असेल, तर मात्र ऑप्टिकल झूमचा कॅमेरा पैसे वसूल करून देतो.

कमी खर्चात जुना कॅमेरा घेणे हाही मार्ग आहे, पण पाहून, हाताळूनच. लेन्स अडखळता बाहेर येते का, हे पाहावे. पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून त्यात डाग उमटतात का, हेही तपासावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. कार्ड कोणते लागते, हे तर आधी विचारावे. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते, ज्याचे उत्पादनच बंद झाले आहे. काहींना ३२ जीबीहून मोठे कार्ड चालत नाही. नवी बॅटरी मिळत नसेल, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी तो सौदा सोडावा.

नवा घेताना पक्के बिल घ्यावेच. बिलाविना मिळणारा बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण भारतातील वॉरंटी त्याला सहसा लागू होत नाही. २०१९ च्या आरंभी डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कॅमेरा धंद्यासाठीच असेल आणि पेढी कंपोझिशन योजनेत नसेल, तर बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नियमांनुसार या कराचे क्रेडिट मिळू शकते. ते घेतल्यास कराच्या रकमेवर घसारा मात्र लावता येत नाही. आणि मुलीच्या वाढदिवसाची भेट पेढीच्या खात्यात टाकून तिचे क्रेडिट घेणे कायद्यात बसत नाही. ते बिल घरच्या नावाने केलेले बरे.