अभिजात झाल्यावर वाचायचे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही बेळगावकरांनीही पेढे वाटले. पुढे फेब्रुवारीत दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांनी भूषवले, याचाही आनंद झाला. पण हा दर्जा भाषेच्या प्राचीनतेसाठी आहे. आमच्यापुढचा प्रश्न वय वर्षे आठचा आहे. घरात मराठी बोलणारे आणि शाळेत कन्नड-इंग्रजी लिहिणारे नातवंड कोणते मराठी पुस्तक आपणहून उघडेल?

यंदा मंडळाच्या ग्रंथखरेदीसाठी सूचना मागवल्या, तेव्हा तीन विषय पुन्हा पुन्हा आले: कोकणची लोककला, सैन्यातल्या मराठी माणसांच्या हकिकती आणि मुलांसाठी गोष्टी. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्या गावापुरता मात्र तो आहे, कारण पहिल्या दोन्हींची सामग्री आपल्या दाराशी पडली आहे आणि तिसऱ्यात तिचा पत्ताच नाही.

आधी कोकण. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, पुढे कुडाळ आणि कुडाळला लागून पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या चित्रांची पोथी असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एकेक चित्र समोर धरायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गायची. सावंतवाडी संस्थानचा आश्रय गेल्यावर ही कला कशीबशी तगली. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी तिचे नाव प्रथमच ऐकले. दशावताराचे तसे नाही, तो आपल्याकडे ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' चित्रपट आला आणि शहरातली मुलेही संकासुराविषयी विचारू लागली. पण विचारणाऱ्या मुलाच्या हाती द्यायचे काय? दशावताराला छापील संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो, संवाद नट रंगमंचावरच उभे करतात. जुना नट गेला की त्याची आख्याने त्याच्याबरोबर जातात. या कलांवरची जी पुस्तके आमच्या पाहण्यात आली, ती एकतर प्रबंधाच्या भाषेत किंवा जाड कागदावरची महागडी इंग्रजी. गंमत पाहा, चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून गोष्ट सांगणे. मुलांच्या सचित्र पुस्तकाला याहून जवळचे काय असणार?

आता पलटण. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे, पहाटे बँड ऐकत आपण वाढलो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंटोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारले. तिकडच्या गावाला आठवण आहे. आमच्या मुलांना विचारून पाहा.

मराठीत युद्धावर पुस्तके नाहीत असे नाही. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांची 'डोमेल ते कारगिल' आणि 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही मोलाची आहेत. पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून सैन्यात गेलेले कॅप्टन गो. गं. लिमये आपल्या 'सैन्यातील आठवणी' लिहून गेले. पण हे सगळे अधिकारी. शिपाई आणि त्याच्या घरची माणसे कागदावर फारशी आलीच नाहीत. ती आहेत ती आपल्या ट्रंकांत: पेन्शनची पुस्तके, डिस्चार्जचे कागद, मनिऑर्डरच्या पावत्या. बँकेत असताना पेन्शन घ्यायला येणारे वृद्ध जवान आणि त्यांच्या विधवा आम्ही काउंटरवर पाहिल्या. हयातीच्या दाखल्यावर अंगठा घेतला आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. आता त्या पिढीतले फार थोडे उरलेत.

हे काम सरकारनेच करावे असे मानायचे कारण नाही. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील पंजाबी सैनिकांच्या नोंदवह्या पडून होत्या, सुमारे ३,२०,००० जणांच्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींच्या एका वारसा संस्थेने तिथल्या ग्रीनिच विद्यापीठाला सोबत घेऊन त्या संगणकावर आणायला घेतल्या आणि २०२१ मध्ये पहिला भाग सर्वांसाठी खुला केला. आपल्यासारखीच, गावापासून दूर स्थायिक झालेली माणसे ती.

राहिली मुले. बाहेर वसलेल्या मराठी समाजाने बालसाहित्याला काय दिले, याचे उत्तर इंदूरला सापडते. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० साली तिथला. ज्यूल व्हर्नची समुद्रातली आणि चंद्रावरची अद्भुते त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिली, 'बालमित्र' मासिक चालवले. आज माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आमच्या नातवंडांना विशेष आवडतात, कारण वाक्ये छोटी आणि चित्रे बोलकी. मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलाला हेच हवे असते. आमच्यातले काही ज्येष्ठ 'श्यामची आई'वरच अडून बसतात. पुस्तक थोरच, पण ज्याला जोडाक्षर लागत नाही त्याच्यापुढे ते ठेवून आपण त्याला पळवून लावतो.

म्हणून यंदाच्या खरेदीत निम्मी रक्कम दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ठेवावी, असे आमचे मत आहे. उरलेल्यातून काही पैसे बाजूला काढून पिंगुळीची एक सहल न्यावी, मुलांसकट. तिथे एक आख्यान परवानगीने ध्वनिमुद्रित करावे, कलाकारांना रीतसर मानधन द्यावे आणि त्यांची संमती असेल तर वीस-पंचवीस पानांची सचित्र पुस्तिका छापावी. ज्यांच्या घरी सैन्यातले जुने कागद आहेत त्यांनी मूळ प्रती देऊ नयेत. रविवारी सकाळी वाचनालयात आणाव्यात, समोरच स्कॅन करून लगेच परत दिल्या जातील. जवानाचे नाव, गाव, पलटण आणि घरात सांगितली जाणारी एखादी हकिकत नातवंडाकडूनच वहीत लिहून घ्यायची आहे. शुद्धलेखन आम्ही नंतर पाहू.