दिवसभर राबूनही ‘बैठी’?

बायका आणि बैठं आयुष्य, हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याला राग येतो. यायलाच हवा. पण जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सहभाग घेतलेला एक मोठा अभ्यास छापून आला, आणि त्यात अगदी हेच म्हटलं होतं. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांच्या शरीराला पुरेशी हालचाल मिळत नाही. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. सगळ्या जगाची सरासरी ३१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपण तिच्याही कितीतरी पुढे!

वर्तमानपत्रांतून ही बातमी आली तेव्हा घरोघरी काय शेरे आले असतील, ते सांगायला नको. ‘बघा, मालिका बघत बसता ना!’

आता दुसरा आकडा बघा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी, यात स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला. जवळजवळ पाच तास. पुरुषांची ८८ मिनिटं. गंमत म्हणजे ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे इकडची काडी तिकडे करत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

मग खरं काय? दिवसभर राबणारी बाई बैठी कशी? मला वाटतं, दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते एकत्र वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, नदीवर धुणं धुवायच्या. त्या कामाने दम लागायचा. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही, त्या कष्टांनी किती जणींच्या कमरा मोडल्या! पण आज तालुक्याच्या गावातही दळण गिरणीत जातं, वाटण मिक्सरमध्ये होतं, पाणी नळाला येतं. काम उरलंच आहे, फक्त त्याची जात बदलली. आता ते ओट्यापाशी उभं राहण्याचं, वाकण्याचं, तुकड्यातुकड्यांनी दिवसभर पुरण्याचं आहे. त्याने पाय दुखतात, पाठ धरते, संध्याकाळी जीव नकोसा होतो. पण हृदयाचे ठोके वाढत नाहीत. शरीर थकतं आणि तरी कसत नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे. असल्या पाहण्यांत घरकामाला शून्य गुण असतात असंही नाही. श्वास वाढवणारं काम घरातलं असो वा शेतातलं, ते धरलं जातं. शेतात खुरपणाऱ्या, हंडे वाहणाऱ्या बायकांना हे काही वेगळं सांगायला नको.

मोजमाप सोपं आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं. आणि हा अर्धा तास सलगच हवा असंही नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. मुलाला शाळेत सोडून येताना भरभर चाललात, भाजी आणायला गाडीऐवजी पायी गेलात, जिना चढलात, सगळं जमेला धरायचं. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काहीतरी हवं. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठा-बसा, तेवढ्याने सुरुवात होते. त्यासाठी जिमची फी भरावी लागत नाही.

आता खरा प्रश्न. हा अर्धा तास आणायचा कुठून? बहुतेक सल्ले सांगतात, ‘पहाटे लवकर उठा.’ म्हणजे पुन्हा आपलीच झोप कापायची! मला हे अजिबात पटत नाही. २८९ मधून ८८ वजा करा, २०१ मिनिटं उरतात. आपल्याला त्यातली फक्त तीस हवीत, जेमतेम सातवा हिस्सा. संध्याकाळची भाजी निवडणं, रात्रीची ताटं-भांडी, मुलांचा अभ्यास यातलं एक काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घेतलं तर तेवढी मिनिटं सहज मोकळी होतात. ‘तब्येतीची काळजी घे गं’ असं नुसतं म्हणण्यापेक्षा कुकर लावून देणं जास्त उपयोगाचं.

चालायला लागल्यावर थोड्याशा चढानेही धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. आधी तपासणी करा. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आणि चालायचं कुठे? लहान गावात हा प्रश्न मोठाच असतो. मैदान क्रिकेटवाल्यांचं, रस्त्यावर फुटपाथ नाही, दिवे बंद, मागे कुत्री. त्यात बाई एकटी चालताना दिसली की ‘कुठं निघालात?’ हा प्रश्न ठरलेला. यावर चौघीजणींनी मिळून निघणं हा उत्तम उपाय. भिशीच्या, बचत गटाच्या मैत्रिणी आहेतच की! २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेकडे एक अर्ज घेऊन जा. शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर बायकांसाठी उघडं ठेवा आणि दोन दिवे लावा, एवढंच मागायचं.

व्यायामाची सवय लावून घ्यायची ती आपणच, हे खरं. पण त्यासाठी घराने वेळ द्यायला हवा आणि गावाने जागा. या दोन गोष्टी नुसत्या मनोमन ठरवून मिळत नाहीत, तोंड उघडून मागाव्या लागतात. सुरुवात घरापासून करा. आज रात्रीची भांडी कोण घासणार, हे संध्याकाळीच ठरवून टाका.